खेळाडूने प्रशिक्षक कसे व्हावे : ओले गुन्नार सोल्स्कायरच्या कारकिर्दीवरून नागपूरच्या खेळाडूंसाठी मार्गदर्शिका

नागपूरच्या जिल्हा लीगमध्ये खेळणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत प्रशिक्षक होण्याचा निर्णय असा वेगळा कधी घेतलाच जात नाही. वयाची तिशी जवळ येते, गुडघा कुरकुरू लागतो, नोकरीतली पाळी बदलते, आणि नेमक्या त्याच सुमारास ओळखीच्या शाळेतले क्रीडाशिक्षक किंवा क्लबचे सचिव सहज म्हणतात, ‘‘भाऊ, सकाळी थोडा वेळ पोरांना घेत जा ना.’’ दुसऱ्या आठवड्यापासून वीस-पंचवीस मुले त्या खेळाडूला ‘सर’ म्हणू लागतात. तयारीसाठी मधला जो काळ हवा तो मिळतच नाही, आणि मग आपल्या कोचने आपल्याकडून जे करून घेतले तेच आपण पुढच्या मुलांकडून करून घेतो : मैदानाला दहा फेऱ्या, दोन रांगा करून शॉट, आणि शेवटी मॅच.

ही तयारी कशी करावी, हे एका माणसाच्या कारकिर्दीच्या आधाराने येथे मांडले आहे. नॉर्वेचा ओले गुन्नार सोल्स्कायर निवडण्याचे कारण असे की, खेळाडू ते प्रशिक्षक या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक टप्पा त्याच्या वाट्याला आला : लहान गावातला क्लब, मोठा क्लब, बाकावरची वर्षे, दुखापत, राखीव संघ, घरच्या संघाला मिळवून दिलेले अजिंक्यपद, परक्या संघाबरोबर झालेली पदावनती (खालच्या श्रेणीत घसरण), काळजीवाहू नेमणूक आणि शेवटी हकालपट्टी. ज्या प्रशिक्षकांच्या कपाटात नुसती चषकांची रांग आहे त्यांच्या कथा वाचायला छान वाटतात. शिकायला मात्र अशी चढउतारांची कारकीर्द जास्त उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

कारकीर्द वाचण्याची पद्धत

एक मोठा कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने आखावेत. डावीकडे वर्ष, मधे संघ आणि उजवीकडे त्या वेळी घेतलेला निर्णय लिहावा. सोल्स्कायरचा कागद असा सुरू होईल : जन्म २६ फेब्रुवारी १९७३, क्रिस्टियानसुंड; वडील ग्रीको-रोमन कुस्तीतले राष्ट्रीय विजेते. १९९० ते १९९४ या काळात तो क्लाउसेनेंगेन या गावच्याच क्लबकडून खालच्या श्रेणीत खेळला. १९९५ मध्ये तो मोल्डे संघात आला आणि दीड हंगामात ४२ लीग सामन्यांत त्याने ३१ गोल केले. १९९६ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने त्याला १५ लाख पौंडांना घेतले. ज्या ॲलन शिअररसाठी युनायटेड धडपडत होते तो त्याच उन्हाळ्यात दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला होता, त्यामुळे या कोवळ्या चेहऱ्याच्या नॉर्वेजियन पोराकडून फारशा कुणाच्या अपेक्षा नव्हत्या. पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये १८ गोल केले आणि संघ विजेता ठरला.

आकड्यांवर रेंगाळू नये. कागदावरच्या प्रत्येक वळणापाशी थांबून तीनच प्रश्न विचारावेत : याला इथे कुणी बोलावले, त्या क्षणी याच्याजवळ काय तयार होते, आणि काय तयार नव्हते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ओगे हारेइडे हे नाव समोर येते. सोल्स्कायरला मोल्डेत आणणारा हा प्रशिक्षक स्वतः मँचेस्टर सिटी आणि नॉर्विच सिटीकडून इंग्लंडमध्ये खेळलेला होता, आणि पुढे त्याने स्वीडनमध्ये हेल्सिंगबोर्ग, डेन्मार्कमध्ये ब्रॉन्डबी आणि नॉर्वेत रोसेनबोर्ग या संघांना लीगची विजेतेपदे मिळवून दिली. म्हणजे खेळून परत यायचे आणि शिकवायचे, ही वाट सोल्स्कायरच्या डोळ्यांसमोर आधीपासून मळलेली होती.

आपल्याकडेही ती वाट आहे. कामठीच्या रब्बानी क्लबसारखे संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते मोहल्ल्यातल्या जुन्या खेळाडूंनी नव्या मुलांना हाताशी धरल्यामुळे, आणि हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’मध्ये खेळलेली कितीतरी मुले पुढे तिथेच शिकवू लागली. तेव्हा सोल्स्कायरचा कागद पूर्ण झाला की तसाच एक कागद आपल्या परिचयातल्या एखाद्या ज्येष्ठ प्रशिक्षकाचाही करावा. त्यांच्यासमोर बसून, त्यांना विचारून, वर्षे भरून घ्यावीत. आपल्या शहरातल्या या माणसांच्या कारकिर्दी कुठेच लिहिलेल्या नसतात, त्यामुळे त्या विचारूनच मिळतात.

बाकावरची वही

सोल्स्कायरने युनायटेडसाठी ३६६ सामन्यांत १२६ गोल केले, आणि त्यांतले कित्येक बदली खेळाडू म्हणून उतरल्यानंतरचे आहेत. ६ फेब्रुवारी १९९९ रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध तो उशिरा मैदानात आला आणि शेवटच्या बाराएक मिनिटांत त्याने चार गोल केले. सामना ८-१ असा सुटला. याला निव्वळ नशीब म्हणता येत नाही. बाकावर बसून तो सामना करमणूक म्हणून पाहत नसे. समोरचे बचावपटू कुठे उभे राहतात, कोणत्या वेळी चुकतात, हे तो हेरत असे, आणि त्याने स्वतः ते अनेकदा सांगितले आहे.

२६ मे १९९९ चा बार्सिलोनातला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना याच नजरेने पुन्हा पाहावा. बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून १-० ने पुढे होते. ८१ व्या मिनिटाला अँडी कोलच्या जागी सोल्स्कायर आला. भरपाई वेळेत टेडी शेरिंगहॅमने बरोबरी साधली आणि लगेच दुसरा कॉर्नर मिळाला. डेव्हिड बेकहॅमचा चेंडू जवळच्या खांबाच्या रोखाने आला, शेरिंगहॅमने डोक्याने तो गोलच्या तोंडाशी ढकलला आणि सोल्स्कायरने उजवा पाय पुढे करून तो जाळ्याच्या छपरात मारला. लोक शेवटचा स्पर्श पाहतात. प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने चित्रफीत पाच-सहा सेकंद मागे न्यावी आणि फक्त त्याच्या पायांकडे पाहावे : चेंडू हवेत असताना तो कुठे आहे, त्याला धरून असलेला सॅम्युएल कुफूर कुणाकडे पाहतो आहे, आणि शेरिंगहॅमचे डोके चेंडूला लागते त्या क्षणी दोघांत किती अंतर पडलेले आहे. ही सवय एकदा लागली की गोल पाहण्याची जुनी पद्धत पुन्हा रुचत नाही.

आता वहीविषयी. खेळणे सुरू असतानाच, म्हणजे निवृत्तीच्या किमान दोन हंगाम आधीपासून, दोनशे पानी साधी वही किटबॅगमध्ये ठेवावी. मोबाइलवर टिपणे घेऊ नयेत. बाकावर मोबाइल काढलेला कोणत्याही कोचला आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्या सामन्यात आपण बाकावर असू, त्यात दर पंधरा मिनिटांनी तीन ओळी लिहाव्यात : समोरच्या संघाची एक सवय, आपल्या संघाची एक अडचण, आणि आपण कोच असतो तर कोणता एक बदल केला असता. नोंद नेमकी असावी. ‘बचाव कच्चा आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘चार नंबरचा मुलगा उंच चेंडू आला की आधी मागे वळून गोलकीपरकडे पाहतो, तेवढ्यात दोन पावले मिळतात’ ही नोंद मात्र पुढच्या सामन्यात गोल मिळवून देऊ शकते. सामना संपल्यावर घरी जाऊन त्याखाली एक ओळ वाढवावी : कोचने प्रत्यक्षात काय केले आणि त्याचे काय झाले. काही महिन्यांत आपला अंदाज किती वेळा चुकतो हे कळू लागते, आणि कोचविषयीची आपली जीभ आपोआप जरा सैल सुटायची थांबते.

आणखी एक प्रसंग वहीत चर्चेसाठी लिहून ठेवण्यासारखा आहे. एप्रिल १९९८ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटांत रॉब ली एकटा गोलच्या दिशेने सुटला. सोल्स्कायर अर्धे मैदान धावत मागे आला, त्याला पाडले आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या संघातल्या सोळा वर्षांच्या मुलाने हेच केले तर आपण त्याला काय सांगणार? शाबासकी द्यावी तर जाणूनबुजून पाडणे शिकवल्यासारखे होते, आणि रागवावे तर संघासाठी स्वतःवर घेतल्याबद्दल शिक्षा केल्यासारखे होते. माझे उत्तर असे की ड्रेसिंगरूममध्ये सर्वांसमोर काहीच बोलू नये आणि दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला बाजूला घेऊन दोन्ही गोष्टी सांगाव्यात. तुमचे उत्तर वेगळे असू शकते. ते आधीच ठरलेले असावे एवढेच.

दुखापतीच्या काळात काय करावे

सप्टेंबर २००३ मध्ये सोल्स्कायरचा गुडघा दुखावला आणि त्यानंतरची तीनेक वर्षे शस्त्रक्रिया, पुनर्वसन आणि अधूनमधून पुनरागमन यांतच गेली. २००४-०५ च्या संपूर्ण हंगामाला त्याला मुकावे लागले. २००६-०७ मध्ये तो परत आला, त्याने गोल केले, लीगचे आणखी एक विजेतेपद पाहिले आणि ऑगस्ट २००७ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. या सक्तीच्या विश्रांतीत त्याचे लक्ष प्रशिक्षणाकडे वळले आणि युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन सराव कसा घेतात, माणसे कशी सांभाळतात, याची टिपणे तो ठेवू लागला.

आपल्याकडे गुडघा दुखावलेला खेळाडू दोनपैकी एक गोष्ट करतो : पट्टी बांधून खेळत राहतो, किंवा मैदानावर येणेच बंद करतो. दोन्ही टाळावे. उपचार अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्यानेच घ्यावेत, आणि मैदानावर मात्र रोज जावे. कोचला सांगून एखादे काम मागून घ्यावे : शंकू मांडणे, गोलकीपरला वेगळा सराव देणे, हजेरी ठेवणे. याच काळात प्रथमोपचाराचा छोटा अभ्यासक्रम उरकून घेतल्यास तो पुढे कामाला येतो. खेळताना जो सराव अंगावरून जातो तो बाहेर उभे राहून पाहिला की त्याची रचना दिसू लागते : कोणता सराव कशानंतर आला, कोच कुठे उभे राहिले, आणि शिट्टी किती वेळा वाजली.

पहिला संघ आणि कागदपत्रे

निवृत्तीनंतर सोल्स्कायरने आधी युनायटेडच्या आघाडीवीरांबरोबर काम केले आणि २००८ मध्ये राखीव संघ हाती घेतला. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना जिंकून देणारा खेळाडू, पण सुरुवात राखीव संघापासून. २००९-१० मध्ये त्या संघाने राखीव संघांची लीग जिंकली. आपणही क्लबच्या वरिष्ठ संघाचे प्रशिक्षकपद पहिल्याच वर्षी घेऊ नये. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर टपरीवर चहा घेतला त्यांना आज संघातून वगळणे हे कठीण काम आहे, आणि ते दुसरे काहीच येत नसताना करू नये. बारा किंवा चौदा वर्षांखालील मुलांचा संघ घ्यावा.

परवान्याची शिडी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची आहे : ‘डी’, पुढे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि शेवटी ‘प्रो’. ‘डी’चे अभ्यासक्रम महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, घेते, तारखा आणि शुल्क बदलत असल्याने नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेकडे चौकशी करत राहावी आणि जागा भरण्यापूर्वी नाव नोंदवावे. या अभ्यासक्रमात व्याख्यानांबरोबर प्रत्यक्ष सराव घेऊन दाखवावा लागतो, आणि चांगले खेळाडू नेमके तिथेच अडखळतात, कारण मोठ्या आवाजात, थोडक्यात आणि क्रमाने सूचना देण्याची त्यांना सवय नसते. घरी आरशासमोर का होईना, दोन-तीन सराव बोलून पाहावेत. ज्यांना शाळेत कायमची नोकरी हवी आहे त्यांनी बी.पी.एड.चा, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा, विचार वेगळा करावा; परवाना हा त्या पदवीला पर्याय नाही.

नागपुरात पहिले काम बहुधा उन्हाळी शिबिरात मिळते, आणि ते महिने एप्रिल-मेचे असतात. पारा ४५ अंशांच्या आसपास जात असल्याने सराव पहाटे साडेपाचला सुरू करून सातच्या सुमारास संपवावा, दर पंधरा मिनिटांनी पाणी द्यावे, आणि उपाशी आलेल्या मुलाला पळवू नये. प्रत्येक मुलाच्या पालकांचा फोन क्रमांक, लेखी संमती आणि जन्माचा दाखला पहिल्याच आठवड्यात फाइलला लावावा. वयोगटाच्या स्पर्धेची प्रवेशिका भरायच्या आदल्या रात्री दाखल्यांसाठी होणारी धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात काळ्या मातीची मैदाने चिकट होतात आणि घोटे मुरगळतात. अशा दिवशी शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर छोट्या गटांत पासिंग घ्यावे.

एका तासाच्या सरावाची मांडणी उदाहरणादाखल देतो. चोवीस मुले आणि आठ चेंडू आहेत असे धरू. पहिली बारा मिनिटे सहा-सहा मुलांचे चार गट करून प्रत्येक गटाला एक चौकोन द्यावा. पाच जण पास देतील आणि एक जण मधे चेंडू हिसकावेल. पुढची वीस मिनिटे सोल्स्कायरच्या त्या गोलाचाच सराव घ्यावा : एक मुलगा बाजूने चेंडू टाकतो, दुसरा जवळच्या खांबापाशी त्याला डोके किंवा पाय लावून पुढे ढकलतो, आणि तिसरा मागून येऊन स्पर्श करतो. बाराखालील मुलांसाठी चेंडू हाताने आणि हळू टाकावा, आणि डोक्याऐवजी पायाचाच वापर ठेवावा. येथे शिकवण्याची गोष्ट एकच आहे : तिसऱ्या मुलाने चेंडू सुटल्यावर निघायचे, आधी जाऊन उभे राहायचे नाही. मुले हटकून आधी जाऊन उभी राहतात. प्रत्येक वेळी शिट्टी मारून थांबवू नये. तीन-चार प्रयत्न होऊ द्यावेत आणि मग एकाच मुलाला विचारावे, ‘‘चेंडू कुठून येतोय हे तुला दिसत होतं का?’’ त्यानंतर पाचेक मिनिटे पाणी आणि विश्रांती, आणि उरलेला वेळ छोट्या मैदानावर सहा-सहांचे दोन सामने. मैदानाला फेऱ्या या तासात कुठेच नाहीत, हे लक्षात आले असेल.

घरचा संघ

२०११ च्या हंगामापासून सोल्स्कायरने मोल्डेचा ताबा घेतला. क्लबच्या स्थापनेला तेव्हा शंभर वर्षे होत होती आणि लीगचे विजेतेपद एकदाही मिळालेले नव्हते. पहिल्याच सामन्यात नुकत्याच वर आलेल्या सार्प्सबोर्ग संघाने त्यांना ३-० ने हरवले. त्याच वर्षी मोल्डे विजेते झाले. २०१२ मध्ये पुन्हा झाले, आणि २०१३ मध्ये त्यांनी नॉर्वेचा चषक जिंकला.

यातून उचलण्यासारखी गोष्ट सहायकांची आहे. मँचेस्टरमध्ये ज्यांच्याबरोबर काम केले होते त्या मार्क डेम्प्सी आणि गोलकीपरांचा प्रशिक्षक रिचर्ड हार्टिस यांना तो बरोबर घेऊन गेला. आपल्या क्लबांत एकच माणूस कोच, व्यवस्थापक, फिजिओ आणि पाणी भरणारा असतो. पैसे नसले तरी निदान एक सहायक असा शोधावा की जो आपल्याशी असहमत होऊ शकेल, आणि एक जुना गोलकीपर आठवड्यातून दोनदा तरी मैदानावर येईल अशी विनवणी करावी. गोलकीपर हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित मुलगा असतो : शॉटच्या सरावात तो उभा असतो, पण त्याला कुणी शिकवत नसते.

पुढे सोल्स्कायर दुसऱ्यांदा मोल्डेचा प्रशिक्षक असताना, २०१७ मध्ये, किशोरवयीन एर्लिंग हालांड तिथे आला. जुलै २०१८ मध्ये ब्रानविरुद्ध त्याने पहिल्या २१ मिनिटांत चार गोल केले. त्याआधीचे दीडेक वर्ष त्याला बेताबेताने खेळवण्यात आले होते. उंचीने वाढलेला आणि वयोगटात सर्वांना भारी पडणारा मुलगा हाती लागला की त्याला एकाच आठवड्यात शाळा, क्लब आणि आंतरजिल्हा अशा तिन्ही संघांकडून पळवण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा.

होकार देण्यापूर्वी

जानेवारी २०१४ मध्ये, हंगाम अर्धा झालेला असताना, सोल्स्कायरने कार्डिफ सिटीचे पद स्वीकारले. आधीच्या प्रशिक्षकाला मालकाने काढलेले होते आणि संघ खाली घसरत होता. मोल्डेतून ओळखीचे नॉर्वेजियन खेळाडू आले, संघात वारंवार बदल झाले, आणि मे महिन्यात कार्डिफ तळाला राहून खालच्या श्रेणीत गेला. सप्टेंबरमध्ये त्याने पद सोडले.

एखाद्या क्लबने हंगामाच्या मध्यात बोलावले तर आनंदाने लगेच होकार देऊ नये. संघ कोण निवडणार, तुम्ही की समिती? आधीचे सर का गेले, आणि ते स्वतः काय सांगतात? मैदान आठवड्यातून किती दिवस आणि किती वाजेपर्यंत मिळेल? मानधन महिन्याला मिळेल की स्पर्धेनंतर? या प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्यावीत, निदान संदेशात तरी लेखी घ्यावीत. आपल्याकडे लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज आहे. पण पुढचे भांडण टाळायचे असेल तर तो वाईटपणा आधीच घेतलेला बरा. आणि पदभार घेतल्यावर पहिल्या महिन्यात ओळखीची मुले आणून भरू नयेत. आधीपासून असलेल्या खेळाडूंना आपण तात्पुरते आहोत असे वाटू लागले की सराव मैदानावर होतो आणि संघ दुसरीकडेच कुठेतरी असतो.

काळजीवाहू नेमणुकीचा भुलावा

१९ डिसेंबर २०१८ रोजी मँचेस्टर युनायटेडने सोल्स्कायरला हंगाम संपेपर्यंत काळजीवाहू म्हणून बोलावले. पहिल्याच सामन्यात कार्डिफला त्याच्या संघाने ५-१ ने हरवले, सलग आठ सामने जिंकले, आणि मार्चमध्ये घरच्या मैदानावरची ०-२ ची हार भरून काढत पॅरिस सेंट-जर्मेनला पॅरिसमध्ये ३-१ ने हरवून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढले. १९ पैकी १४ सामने जिंकल्यावर २८ मार्च २०१९ रोजी त्याला तीन वर्षांचा करार मिळाला. त्यानंतर निकाल झपाट्याने घसरले, आणि हंगामाच्या अखेरच्या दिवशी, पदावनती निश्चित झालेल्या त्याच कार्डिफने युनायटेडला त्यांच्याच मैदानावर २-० ने हरवले. संघ सहावा आला.

नवा माणूस आला की दबलेले खेळाडू मोकळे होतात, हा अनुभव आपल्या लीगमध्येही येतो. त्या लाटेत जिंकलेल्या सामन्यांचे श्रेय आपल्या पद्धतीला देऊ नये. पहिले पाच-सहा सामने जिंकत असताना वहीत एकच गोष्ट लिहीत जावी : आज आपण का हरलो असतो.

बदली खेळाडू कधी उतरवावा

युनायटेडमधले सोल्स्कायरचे काम वाईट नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. २०१९-२० मध्ये संघ लीगमध्ये तिसरा आला, पुढच्या वर्षी दुसरा, आणि लीगमध्ये परक्या मैदानांवर सलग २९ सामने अपराजित राहिला. पण चषक एकही मिळाला नाही, आणि तो हातातून निसटला त्या रात्रीचा अभ्यास प्रत्येक नव्या प्रशिक्षकाने करावा असा आहे.

२६ मे २०२१ रोजी, म्हणजे बार्सिलोनातल्या त्या गोलाला बरोबर २२ वर्षे झाली त्या दिवशी, पोलंडमधल्या ग्दान्स्क येथे युरोपा लीगचा अंतिम सामना व्हियारेआलविरुद्ध झाला. पहिल्या सत्रात युनायटेड पिछाडीवर पडले, एडिन्सन कावानीने दुसऱ्या सत्रात बरोबरी साधली आणि ९० मिनिटे १-१ अशी संपली. तोपर्यंत समोरच्या संघाने ताजे खेळाडू आणलेले होते. सोल्स्कायरने मात्र एकही बदल केलेला नव्हता. त्याचा पहिला बदली खेळाडू थेट १०० व्या मिनिटाला आला. पेनल्टीवर सर्व खेळाडूंनी गोल केले, आणि शेवटी गोलरक्षक डेव्हिड डी हेआचा फटका अडवला गेल्याने सामना ११-१० असा गेला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बदली खेळाडूने बदल करायला शंभर मिनिटे घेतली.

याचा अर्थ त्याला बदलाचे महत्त्व ठाऊक नव्हते असा लावणे हास्यास्पद ठरेल. मला यात दिसते ते असे : बाकावर बसून जे कळते ते बाकाजवळ उभे राहून आठवेलच, याची खात्री नाही. प्रशिक्षकाच्या जागेवरून सामना बरा चाललेला दिसतो, आपण निवडलेल्या अकरा जणांवर विश्वास असतो, बदलाने घडी विस्कटेल अशी भीती असते, आणि मिनिटे निघून जातात. म्हणून खेळाडू असताना जे कळले ते लेखी नियमात उतरवून ठेवणे हे या मार्गदर्शिकेतले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

सामन्याच्या आदल्या रात्री एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहावे : ५५ व्या मिनिटाला थकलेले दोन खेळाडू कोण ते सहायकाला विचारायचे, ६५ व्या मिनिटापर्यंत निदान एक बदल करायचा, आणि केला नाही तर का केला नाही हे सहायकाला मोठ्याने सांगायचे, पिछाडीवर असू तर कोण येईल, आघाडीवर असू तर कोण येईल, सामना पेनल्टीवर गेला तर पहिले पाच कोण आणि गोलकीपर तोच ठेवायचा का. कागद सहायकाच्या खिशात द्यावा, स्वतःच्या नाही. आपल्याला आठवण करून देण्याचा अधिकार त्याला आधीच देऊन ठेवावा. वयोगटाच्या स्पर्धांत तर यात आणखी एक नियम घालावा : संघाबरोबर आणलेल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळाले पाहिजे. नागपुरात मेच्या उन्हात आणि सप्टेंबरच्या दमट उकाड्यात साठाव्या मिनिटानंतर ताज्या पायांची किंमत ग्दान्स्कपेक्षा नक्कीच जास्त असते.

पद सोडताना

ऑक्टोबर २०२१ मध्ये घरच्या मैदानावर लिव्हरपूलकडून ०-५, आणि २० नोव्हेंबरला वॉटफर्डकडून १-४ अशा हारींनंतर दुसऱ्या दिवशी सोल्स्कायरला पदावरून दूर करण्यात आले. १६८ सामन्यांपैकी ९१ जिंकून तो गेला. जाण्यापूर्वी त्याने क्लबच्याच वाहिनीला मुलाखत देऊन खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे आभार मानले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याने तुर्कस्तानच्या बेशिक्ताशचे काम घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर युरोपीय स्पर्धेतल्या हारीनंतर तेही संपले. या व्यवसायात काढले जाणे ही अपवादाची गोष्ट नाही, आणि जिल्हा पातळीवर तर ते अनेकदा कुणी स्पष्ट सांगतही नाही. एक दिवस मैदानावर दुसरे सर आलेले असतात.

अशा वेळी मुलांना आपल्या बाजूला ओढून नवा क्लब काढण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती मोडावी. त्याऐवजी नव्या सरांना चार गोष्टी द्याव्यात : हजेरीपुस्तक, कागदपत्रांची फाइल, कुणाला कोणती दुखापत आहे आणि कोणाला दमा आहे याची यादी, आणि साहित्याच्या खोलीची किल्ली. टिपणांची वही मात्र आपल्याजवळ ठेवावी. पुढच्या संघाबरोबर ती लागणार आहे.